पाझरलेला वास

ट्यूनिसकडच्या नाबल गावात दलेंदाचं घर विचारलं तर "कुठली दलेंदा?" असं कुणी म्हणत नाही. "किडेवाली ना?" म्हणतात आणि तिच्या बापाच्या, हमूदा कुंभाराच्या, भट्टीकडे बोट दाखवतात. या नावाचा तिला राग नाही. किडे म्हणजे झुरळं, असं कुणी समजलं की मात्र तिचं डोकं फिरतं. मग भरबाजारात, हातात मिरच्यांची पिशवी घेऊन, ती समोरच्याला ऐकवते की आमचे किडे जेमतेम मिलिमीटरभर लांब, काचेसारखे आरपार दिसणारे, आणि तू आत्ता चिवडतो आहेस ना, त्या कुजक्या अंजिरात हजारांनी सापडतील. ते गिऱ्हाईक पुढे काही दिवस अंजिराला शिवत नाही, आणि अंजीरवाला दलेंदाच्या नावाने खडे फोडतो.

सूत्रकृमी हे त्यांचं पुस्तकातलं नाव. संत्र्यांच्या बागांमागे एक जुनी संशोधन संस्था आहे, तिच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत दलेंदा हे कृमी सांभाळते. सांभाळते म्हणजे त्यांना जंतूंचं जेवण वाढते, एका प्लेटमधून दुसरीत प्लॅटिनमच्या तारेने अलगद उचलून ठेवते, आणि बाकीचा वेळ सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसते. या कामासाठी तिने ट्यूनिसला जाऊन जीवशास्त्राची पदवी घेतली. तिच्या बापाला वाटलं होतं, पोरगी परत येऊन ताटांवर मासे रंगवील. लहानपणी तिने रंगवलेही होते. पण तिच्या माशांचं पोट उघडं असे आणि आतली आतडी दिसत. तसली दोन ताटं कुणी विकत घेईना तेव्हा हमूदाने तिच्या हातातला कुंचला काढून घेतला.

तिची आई शेलबिया या कृमींवर एकाच कारणाने खूश होती. त्यांच्यातल्या बहुतेकांना पोरं व्हायला नराची गरज लागत नाही, हे दलेंदाने एकदा जेवताना सांगितलं होतं.

"नवऱ्याशिवाय?" शेलबियाचा कुसकुसचा घास हातातच राहिला. "म्हणजे सासूही नाही?"

"सासू कुठून येणार, उम्मी!"

"मग तू त्यांच्यातच राहा बाई. मी उगाच तुझ्यासाठी स्थळं बघत होते." आणि हमूदाकडे एक कटाक्ष टाकून तिने पुढचा घास घेतला. दलेंदा तेव्हा छत्तीस वर्षांची होती, आणि स्थळांचा विषय त्या दिवसापासून खरंच बंद झाला.

हे कृमी डोळ्यांनी बघत नाहीत, कानांनी ऐकत नाहीत. सगळ्या शरीरात मिळून चेतापेशी तीनशेच्या आसपास, आणि त्यातल्या कितीतरी नुसत्या वास आणि चव घ्यायच्या कामाला. जन्मभर कुजक्या फळात लोळायचं, तिथे जेवण कुठलं आणि जीव घेणारं कुठलं, हे एवढ्याशा नाकाने ओळखायचं. दलेंदाला पहिल्यापासून याचंच नवल वाटे. डोळे असून माणसं भलत्याच्या हाती मान देतात, मग हा आंधळा जीव कसा काय टिकून राहतो?

जीव घेणारं तिनेच शोधून आणलं होतं. बेनी ख्यार गावच्या एका पडीक बागेत गळून कुजलेलं अंजीर तिने पिशवीत घालून आणलं, आणि त्यात मेलेला एक कृमी सापडला. त्याचं सबंध शरीर पिशवीसारखं ताठ फुगलेलं आणि आत धाग्यांचं जाळं. बुरशीसारखा दिसणारा, पण बुरशी नसलेला एक परजीवी जीव होता तो. संत्र्याच्या खोडातून डिंक गळायला लावणारा डिंक्या रोग ज्या जीवामुळे होतो, त्याच्याच कुळातला. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, कृमीच्या कातडीला चिकटतात, भोक पाडून आत शिरतात आणि त्याला आतून खाऊन टाकतात. कृमी तोवर वळवळत असतो, अंडीसुद्धा घालत असतो. मग एका सकाळी तो हलत नाही. दलेंदाने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला, आणि दुसऱ्याच क्षणी तिने खुर्ची आणखी जवळ ओढली.

कृमी अगदीच मुकाट्याने मरत नाहीत. परजीवी चिकटला की त्यांच्या कातडीत बचावाचं एक काम सुरू होतं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने त्या कामाला हिरवा उजेड जोडलेलं वाण तयार केलं होतं आणि टपालाने पाठवलं होतं. निळा दिवा टाकला आणि कृमी हिरवा चमकला, की समजायचं, याच्या कातडीने दंड थोपटले. चमकला नाही, तर याला अजून शत्रूची गाठ पडलेली नाही. संस्थेत सगळे असंच मानत. हिरवा म्हणजे परजीवी आलाच, यात कुणाला शंका नव्हती.

त्या वर्षी जुलैत कृमींचं थंड कपाट बंद पडलं. बाहेर अंगाची लाही लाही होत होती, संस्था उन्हाळ्याच्या एकपाळीवर दुपारीच सुटत होती, आणि कपाटाचा सुटा भाग इटलीहून यायचा होता. म्हणजे बहुधा पुढच्या उन्हाळ्यात. कृमींना उकाडा सोसत नाही. प्राध्यापिका नेजिबा, ज्यांच्या हाताखाली दलेंदा काम करी, दिवसभर फोनवर कुणाकुणाला ओरडत राहिल्या. ओरडण्याने कृमी थंड होईनात.

दुसऱ्या दिवशी दलेंदा बापाच्या टेम्पोतून मोठी मडकी घेऊन आली. पाण्याची मडकी, कच्च्या अंगाची, न झिलईची. नाबलमध्ये जन्मलेलं पोरही सांगेल की पाणी अशाच मडक्यात गार राहतं, कारण ते घाम गाळतं. तिने त्यांची उतरंड रचली. वरच्या मडक्यात परजीवी दिलेल्या आजारी प्लेटा, खालच्यात निरोगी, आणि वरच्याचं बूड खालच्याच्या तोंडात घट्ट बसवलेलं. बाहेरून ओली फडकी. आत हात घातला तर रांजणाच्या पाण्यासारखा गारवा.

"संस्थेत आता भाजी पण ठेवू या का?" शेजारच्या टेबलावरचा फौझी म्हणाला. "माझ्या सासूचं लोणचं आहे थोडं."

"ठेव. कृमी खातील तुझ्या सासूचं लोणचं, तुझ्यापेक्षा आवडीने."

नेजिबांनी नाक मुरडलं, पण दुसरा उपाय नसल्यामुळे "बरं, चालू दे" म्हणाल्या. आठवडाभर सगळ्यांनी दलेंदाच्या अकलेचं कौतुक केलं. कौतुक फार दिवस टिकत नाही, हे तिला कळायला हवं होतं.

एका सकाळी तिने खालच्या मडक्यातली निरोगी प्लेट निळ्या दिव्याखाली ठेवली, आणि सगळेच्या सगळे कृमी हिरवेगार चमकत होते. दुसरी प्लेट काढली, तीही तशीच. या प्लेटांना परजीवी दिलाच नव्हता. आजाऱ्यांशी तुलना करायला मुद्दाम स्वच्छ ठेवलेल्या होत्या त्या. तिने नेजिबांना बोलावलं, कारण लपवणं तिला जमत नसे.

नेजिबांनी एकदा पाहिलं आणि ताठ उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मुळातच शिक्षिकेचा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्या वेळी खोलीत सगळे होते, खालच्या मजल्यावरचे दोघे चहाला वर आले होते.

"आजारी प्लेटला लावलेला हात निरोगी प्लेटला लावलास. दुसरं काय असणार? तुझे हात घाणेरडे आहेत, दलेंदा!"

"मदाम, मी प्रत्येक वेळी तार जाळून..."

"यिझ्झी! पुरे. सगळ्यांत परजीवी पसरलाय. सगळं वाफेत घालून मारून टाकायचं. आणि सप्टेंबरपासून तू खाली माती चाळायला जा. तिथे घाण झाली तरी चालते."

कृमीघरात याहून मोठी शिवी नाही. आळशी म्हणा, मूर्ख म्हणा, माणूस पचवतो. हात घाणेरडे म्हटलं की त्याने आजवर केलेलं सगळं काम नासलं, तो पुढे जे सांगेल तेही नासलेलं. खालचे दोघे चहाच्या पेल्यात बघत राहिले. दलेंदाचा चेहरा तापला, पण डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. तिने एवढंच विचारलं, "ऑगस्टात सुट्टीचं कुलूप लागेपर्यंत प्लेटा राहू दे? कुलपाच्या दिवशी मी स्वतः वाफेत घालीन."

"राहू दे," नेजिबा म्हणाल्या. "म्हणजे तुझीच खात्री पटेल."

त्या दिवशी घरी ती भाजलेल्या मिरचीचं सॅलड नुसतं चिवडत बसली. तिला अपमान झोंबत होताच, पण त्याच्याही खाली एक प्रश्न टोचत होता, आणि खरं सांगायचं तर तोच जास्त टोचत होता. परजीवी पसरलाय ना, मग एकही कृमी मेला का नाही?

पुढचे दिवस तिने हेच पाहिलं. हिरवे कृमी खात होते, फिरत होते, ढिगाने अंडी घालत होते. ती एकेकाला डोक्यापासून शेपटीपर्यंत न्याहाळी. कातडीला चिकटलेला बीजाणू नाही, आत धागा नाही. घरी शत्रूचं पाऊल नाही आणि हे दाराला अडसर लावून, काठ्या घेऊन उभे. कशाला? कुणी सांगितलं यांना?

मग तिच्या ध्यानात आलं की खालच्या मडक्यातल्याही सगळ्या प्लेटा हिरव्या नाहीत. वरच्या थरातल्या चमकत होत्या, तळाच्या काळोख्याच होत्या. तिचे हात तर सगळ्यांनाच लागले होते. घाण हाताची असती तर त्या घाणीने असा वरचा-खालचा भेद केला असता का? तिने वरच्या थरातल्या प्लेटांची झाकणं उजेडात धरली. झाकणांवर सुकलेल्या थेंबांचे पुसट डाग होते, आणि कडेने आत ओघळलेली एक रेघ.

ती दोन्ही मडक्यांकडे बघत उभी राहिली. आजारी प्लेटांत ती रोज थोडं पाणी घालायची, परजीवीला पोहायला पाणी लागतं म्हणून. ते सांडून वरच्या मडक्याच्या बुडाशी साचत होतं. आणि मडकं होतं पाण्याचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. कुंभाराच्या पोरीने, घाम गाळणारं मडकं आजाऱ्यांनी भरून निरोग्यांच्या डोक्यावर ठेवलं होतं.

दुपारी ती भट्टीवर गेली. हमूदा सावलीत बसून चाक धूत होता.

"बाबा, तुमची मडकी गळतात."

हमूदाने हातातला बोळा खाली ठेवला. "परत बोल."

"पाण्याचं मडकं. वरच्यातून खालच्यात थेंब पडतात."

"गळतं ते फुटकं! माझं मडकं पाझरतं. पन्नास वर्षं मी मडकी करतोय, आणि माझी पोरगी मला येऊन सांगते गळतं!" तो उठून उभाच राहिला. "तुझे ते किडे गळले का त्यातून?"

"किडे नाही गळले. रोगही नाही गळला, असं मला वाटतंय. बाकी काहीतरी आलंय."

"रोग नाही, किडे नाहीत, मग आलं काय? जिन?"

"वास," दलेंदा म्हणाली, आणि स्वतःच दचकली. तोंडातून निघेपर्यंत तो शब्द तिच्या डोक्यात पुरता उतरला नव्हता. कच्च्या मातीच्या भिंतीला असंख्य बारीक भोकं असतात. बीजाणू त्यांतून जायला फार मोठा. पण पाण्यात विरघळलेलं काही, त्या परजीवीच्या अंगाचं धुवण म्हणा, ते सहज पाझरेल. आणि खाली ती सगळी नाकं वाट बघत असलेली.

हमूदाने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "तू लहानपणी पडली होतीस चाकावरून. तेव्हाच तुझ्या आईला म्हटलं होतं, पोरीला डॉक्टरला दाखव."

"मला तेलाचं मडकं द्या. आतून झिलईचं, याच मापाचं."

"तेलाचं? त्यात पाणी गार नाही राहायचं."

"नको राहू दे. पाझरायला नको, एवढंच."

पुटपुटत का होईना, त्याने दिलं. वर, "हे गळलं तर माझं नाव बदल," असंही म्हणाला.

दलेंदाने दोन उतरंडी मांडल्या. दोन्हींत वर आजारी, खाली नव्या निरोगी प्लेटा, वरून पाणी सारखंच. एकीत वरचं मडकं पाण्याचं, दुसरीत तेलाचं. तेलाच्या मडक्याभोवती सतत ओली फडकी गुंडाळून गुंडाळून तिच्या बोटांची सालं निघाली. तिसऱ्या सकाळी तिने निळा दिवा लावला. पाण्याच्या मडक्याखालच्या प्लेटा हिरव्या होत्या. तेलाच्या मडक्याखाली एकही कृमी चमकत नव्हता.

आता तिला राहवेना. पाझरलेलं पाणी तिने वाटीत धरलं, त्यात मेलेले कृमी टाकून ठेवले. परजीवी असता तर त्यांच्यावर तो पोसला असता. काही उगवलं नाही. मग तिने संस्थेतलं एक जुनं वाण काढलं. त्यातल्या कृमींची वास घ्यायची नस जन्मतःच अधू होती, आणि कातडीला तोच हिरवा उजेड जोडलेला होता. त्यांच्यावर तेच पाणी टाकलं. ते बापडे आपले जेवत राहिले, चमकले नाहीत. म्हणजे बातमी आधी नाकाला लागते, आणि नाक कातडीला उठवतं. शत्रू वेशीवरही आला नाही, नुसता वारा तिकडून आला, आणि यांनी चिलखत घालायला घेतलं. दलेंदा एकटीच खोलीभर फिरली आणि मोठ्याने म्हणाली, "अरे लबाडांनो!" ती इतकी खूश होती की नेजिबांना विसरली होती.

फौझीने आठवण करून दिली. "लाल्ला दलेंदा, बाईसाहेब, चमकतात ते ठीक. पण चमकून वाचतात का? नाहीतर मदाम म्हणतील, किडे नुसते घाबरट आहेत."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि कुलूप जवळ आलं होतं. शेवटचा प्रयोग तिने नेजिबांना विचारूनच केला. पाझरलेल्या पाण्यात राहिलेले कृमी आणि साध्या पाण्यात राहिलेले, दोघांनाही जिवंत परजीवी द्यायचा.

"कुठली प्लेट कुठली ते तुला कळता कामा नये," नेजिबा म्हणाल्या. "मलाही नको. फौझी खुणा करील. मोजणार मी."

"मलाही तेच हवंय, मदाम."

परजीवीचं पाणी दलेंदाने नळीत ओढून घेतलं. आपला अंदाज चुकला तर हात घाणेरडेच ठरणार, आणि मग मातीची चाळण जन्मभर. शिवाय यात निम्मे तरी आतून खाल्ले जाणार होते, तिने वाढवलेले. तिने "बिस्मिल्ला" म्हणून थेंब सोडले.

कुलपाच्या दिवशी नेजिबा सकाळपासून सूक्ष्मदर्शकाला बसल्या. एक प्लेट संपली की बाजूला ठेवायच्या, काही डावीकडे, काही उजवीकडे. दलेंदा खिडकीशी उभी राहून संत्र्यांच्या बागेकडे बघत होती, पण दिसत काहीच नव्हतं. दुपारी नेजिबांनी शेवटची प्लेट ठेवली.

"फौझी, डावीकडच्या कुठल्या?"

फौझीने खुणा पाहिल्या. "साध्या पाण्यातल्या. सगळ्या."

"आणि उजवीकडच्या?"

"पाझरलेल्या पाण्यातल्या."

"डावीकडच्यांत जवळजवळ सगळे मेलेत," नेजिबा म्हणाल्या. "उजवीकडच्यांत बहुतेक जिवंत." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि उजवीकडची एक प्लेट पुन्हा भिंगाखाली सरकवून पाहिली. "बीजाणू चिकटतच नाहीयेत यांना. जगात कुणी ना कुणी हे आधी पाहिलं असेल. पण मी नव्हतं पाहिलं." मग उठल्या आणि दलेंदाजवळ आल्या. "तुझे हात स्वच्छ होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

दलेंदाने या क्षणाची आधीच तयारी करून ठेवली होती. "काही हरकत नाही, मदाम," असं मोठ्या मनाने म्हणायचं ठरलं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"घाणेरडे म्हणालात तेव्हा आवाज एवढा हळू नव्हता."

फौझी आपल्या बुटांकडे बघू लागला. नेजिबांचा चेहरा आधी लाल झाला, मग फिका पडला. त्या दारापाशी गेल्या, दार उघडलं, आणि शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात एकेकाला नावाने हाक मारली. खालच्या मजल्यावरचेही आले. सगळ्यांच्या हातात घरी जायच्या पिशव्या होत्या, कुणाला काही कळेना.

"जुलैत मी तुम्हा सर्वांसमोर म्हटलं होतं की दलेंदाचे हात घाणेरडे आहेत," नेजिबा म्हणाल्या. "ते खोटं होतं. मडकी एकावर एक ठेवली ही तिची चूक. न बघता बोलले ही माझी, आणि माझी मोठी. तिचे हात स्वच्छ आहेत. सप्टेंबरात ती याच खोलीत असेल."

अपमानाच्या दिवशी टिपूस न काढलेली दलेंदा सगळ्यांदेखत हमसून हमसून रडायला लागली. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने बाजूला सारला, आणि बाहीने नाक पुसत खुर्ची मागे ओढून सगळ्यांना वाट करून दिली.

"उभे काय राहिलात? या, बघा तरी," ती म्हणाली. "मेलेले डावीकडे आहेत."